चौथ्या मजल्याचं बटण

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लिहिलं आणि दोनदा पुसलं, कारण बाबाला कळलं तर तो म्हणेल, यात लिहिण्यासारखं काय आहे. पण गेल्या आठवड्यात इथल्या बसस्टॉपवर बाबाच्या जुन्या बिल्डिंगचे वॉचमनकाका भेटले आणि त्यांनी खडूचं जे सांगितलं ते डोक्यातून जातच नाहीये. म्हणून लिहितेय, चुका असतील तर असू देत.

माझा बाबा लिफ्टमन होता. सात मजल्यांची ऑफिसांची बिल्डिंग, जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट, कोपऱ्यात लाकडी स्टूल आणि स्टुलावर बाबा. आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी धुवायची, तिची ड्युटी सकाळची. मग मला कोण सांभाळणार? तर मी लिफ्टमध्ये. तीन वर्षांची होईपर्यंत मी जगात सगळ्यात जास्त काय पाहिलं असेल तर लोकांचे गुडघे.

बाबा माझी उंची बटणांवर मोजायचा. काळी गोल बटणं, एकावर एक, सगळ्यात खाली शून्य. मी चवड्यांवर उभी राहून एकचं बटण दाबलं त्या दिवशी त्याने दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं. दोनला हात लागला तेव्हा तर लिफ्टमधल्या सगळ्यांना उगाच दुसऱ्या मजल्यावर थांबवलं. एक जाड साहेब वैतागले, "अरे, मला सहाव्यावर जायचंय."

"जाऊ की साहेब. पोरगी आज पहिल्यांदा दोनपर्यंत पोचली, जरा बघा तरी."

साहेबांनी बघितलं म्हणे. करतात काय, दार बाबाच्या हातात.

आकडे मी तिथेच शिकले. लिफ्ट वर जायला लागली की बाबा एकेक मजला मोठ्याने म्हणायचा आणि मी त्याच्यामागून. त्याला वाटायचं, पोरगी घोकंपट्टी न करता शिकतेय. शिकतच होते. फक्त काय शिकतेय हे त्याच्याही लक्षात आलं नाही.

मग बिल्डिंगच्या मॅनेजरने बोलावलं. "पुढच्या महिन्यापासून पोर लिफ्टमध्ये दिसता कामा नये. उद्या दारात बोट सापडलं तर कोण निस्तरणार?" चूक नव्हतं त्यांचं. आता मला बालवाडीत घालायचं, नाहीतर आईने काम सोडायचं, तिसरा रस्ता नाही. आणि जवळ बालवाडी एकच. तिथल्या बाई कडक, दहापर्यंत मोजता आलं तरच घेणार.

बाबा निवांत होता. मला नवीन फ्रॉक घालून घेऊन गेला.

बाई म्हणाल्या, "मोज बघू."

"शून्य, एक, दोन, तीन, पाच, सहा, सात, गच्ची."

बाईंनी चष्मा काढला. "चार कुठे गेला गं?"

"चार नसतो," मी सांगितलं.

बाबाला तोंडात मारल्यासारखं झालं. कारण आमच्या लिफ्टमध्ये खरंच चार नव्हता. चौथ्या मजल्यावरच्या कंपनीने कधीच गाशा गुंडाळला होता, मजल्याला कुलूप, लिफ्टच्या बाजूने फळ्या ठोकलेल्या. चारचं बटण काढून त्या जागी पत्र्याची गोल चकती बसवलेली. बाबा तीनवरून थेट पाच म्हणायचा, इतकी वर्षं म्हणत होता की त्याचं त्यालाही कळत नव्हतं.

बाईंनी आठ दिवस दिले.

ते आठ दिवस बाबाने जंग जंग पछाडलं. चार बोटं, चार चमचे, खुर्चीचे चार पाय. मी ढिम्म. खुर्चीला पाच पाय आहेत असं मी शपथेवर सांगायचे. आई हसून हसून बेजार. "तुझीच विद्यार्थिनी आहे, भोग आता."

शेवटी बाबा चिडला. "अगं ठमे, चार असतो. मी सांगतोय ना."

"मग तू कधी थांबतोस चारवर?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने वॉचमनकाकांकडून किल्ली घेतली, लिफ्टला कुलूप घातलं आणि माझा हात धरून जिन्याने निघाला. वरून उतरणारी टायपिस्ट मावशी थबकलीच. "काय हो, लिफ्ट बंद पडली?"

"नाही. शिकवणी चालू आहे."

प्रत्येक मजल्यावर भिंतीवर आकडा रंगवलेला होता. एक. दोन. तीन. माझे पाय दुखायला लागले तरी त्याने उचलून घेतलं नाही. म्हणाला, चालत गेलीस तरच तो दिसतो. मग एक मोठं दार, गंजलेलं कुलूप, काकांनी दिलेल्या डबीतलं तेल, आणि आत हा एवढा मोठा रिकामा हॉल. एक मोडकी खुर्ची. वायर तुटलेला फोन. आणि समोर भिंतीवर माझ्याएवढा निळा चार.

हे मला आठवतं की बाबाने इतक्यांदा सांगितल्यामुळे आठवल्यासारखं वाटतं, माहीत नाही. पण त्या आकड्यावर हात ठेवल्यावर तळव्याला लागलेली धूळ मला आठवते.

"इथे कोणी का नाही?" मी विचारलं.

"गेले सगळे."

"तरी चार आहे?"

"असणारच ना. माणसं गेली म्हणून मजला जातो का? मग पाचवा उभा कशावर राहील?"

मी वर छताकडे बघितलं. मग त्या धुळीत धावत सुटले, बाबा म्हणतो चार फेऱ्या मारल्या, मोजून.

आठव्या दिवशी बाईंसमोर मी म्हटलं, "शून्य, एक, दोन, तीन, चार, तो बंद आहे पण असतो, पाच, सहा, सात. आठ, नऊ, दहा अजून बांधायचे आहेत."

बाई बाबाकडे बघत म्हणाल्या, "उद्यापासून पाठवा."

पहिल्या दिवशी मी मागे वळूनही बघितलं नाही म्हणे. त्या दिवशी बाबाने सातव्यावरच्या माणसाला पाचव्यावर उतरवलं आणि वर त्यालाच विचारलं, इथे कशाला उतरलात.

पुढे मी फक्त शनिवारी जायचे, कितव्या बटणापर्यंत पोचते ते बघायला. आणि पत्र्याच्या चकतीवर बाबाने खडूने चार लिहिलेला असायचा, तो बघायला. सातला हात लागला आणि मी जायचं बंद केलं. खरं सांगते, वर्गातल्या एकीचे वडील त्याच बिल्डिंगमध्ये साहेब होते आणि मला लाज वाटायला लागली. बाबाने एकदाही विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी तिथे नवीन लिफ्ट आली, आपोआप चालणारी, आणि बाबा घरी बसला. एवढं मला माहीत होतं. वॉचमनकाकांनी बाकीचं सांगितलं. लोकांचे खांदे घासून खडू पुसला जायचा, म्हणून बाबा तो चार दर शनिवारी नव्याने लिहायचा. शेवटच्या शनिवारपर्यंत. काका म्हणाले, "मी म्हटलं त्याला, पोरगी कॉलेजात गेली, आता कशाला? तर म्हणतो, असू दे रे, आलीच चुकून तर शोधेल."

मी हॉस्टेलवर आल्यापासून एकदाच घरी गेलेय. फोनवर तो म्हणतो, "सवडीने ये." मी म्हणते, "पुढच्या शनिवारी नक्की." असे किती शनिवार झाले ते मी मोजायला बसले होते, मध्येच सोडलं.

उद्या शनिवार आहे. सकाळच्या बसचं तिकीट काढलंय, त्याला सांगितलेलं नाही. तुमच्याकडेही असं कोणीतरी असेल, जे "सवडीने ये" म्हणतं आणि दाराकडे बघत बसतं. सवडीची वाट बघू नका. याच आठवड्यात जाऊन या.