डावीकडे वळलं की वाजणारा हॉर्न

चष्मेवाल्यांनी पन्नाशी उलटल्यावर आयुष्यातली पहिली कोरी गाडी घेतली. आधीच्या दोन्ही जुन्या होत्या. त्यांत काहीही बसवलं तरी गाडीचं भलंच व्हायचं. शिवाय दिवसभर चष्म्यांच्या दुकानात चिमुकले स्क्रू आवळून त्यांचा हात कसबी झालेला. नवी गाडी जशी आली तशीच चालवायची, म्हणजे आपला तिच्यात वाटा तो काय?

चौथ्या दिवशी त्यांनी हॉर्न बदलला. पुढच्या आठवड्यात दिवे. मग वायरिंगवाल्याकडून मागच्या डिकीत एवढा मोठा स्पीकर बसवून घेतला की भाजीची पिशवी मांडीवर घ्यायची वेळ आली.

ती पिशवी बायकोच्या मांडीवर असे. ती शाळेत शिकवायची आणि घरीही मोजकंच बोलायची.

"अहो, गाडी फिरवायला घेतलीय की नटवायला?"

"अगं, कंपनीवाले वायरी फार काटकसरीने देतात. थोडं आपणच वाढवायचं असतं."

दोन महिने सगळं झकास चाललं. मग एका सकाळी बायकोला शाळेत सोडताना डावीकडे वळले आणि हॉर्न आपोआप वाजला. पुन्हा डावीकडे वळले, पुन्हा वाजला. शाळेच्या फाटकात शिरतानाही डावं वळणच होतं. सगळी शाळा खिडकीत आली. बायको मान खाली घालून उतरली. त्याच आठवड्यात एसीनेही मान टाकली.

वॉरंटी होती, पण सर्व्हिस सेंटरला न्यायची कशी? चष्मेवाल्यांनी रविवारी दार लावून स्पीकर काढला, दिवे काढले, मूळ हॉर्न परत जोडला. गाडी अगदी सोवळी दिसू लागली. फक्त आता मूळ हॉर्न वाजू लागला, तोही डावीकडेच. सोमवारी ते निव्वळ उजवी वळणं घेत, अख्ख्या गावाला वळसा घालून सर्व्हिस सेंटरला पोचले. दहा मिनिटांचा रस्ता पाऊण तासाचा झाला.

तिथल्या सुपरवायझर बाई तिशीच्या, शांत. त्यांनी स्टिअरिंगखालचं झाकण उघडून टॉर्च मारला.

"काका, इथल्या वायरी कोणी कापल्यात?"

"उंदरांचा फार त्रास आहे हो आमच्याकडे."

बाईंनी टॉर्च जरा जवळ नेला. "उंदीर कुरतडतात, काका. चिकटपट्टी नाही गुंडाळत."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला. वास्तविक तो स्वच्छच होता. मग त्यांनी हॉर्न, दिवे, स्पीकर सगळं कबूल केलं. स्पीकरचा आकार तेवढा जरा कमी सांगितला.

"म्हणजे वॉरंटी सगळीच गेली म्हणायची," ते हळूच म्हणाले.

"असं कोण म्हणालं? जिथं वायर कापली तिथलं बिघडलं, ते आम्ही भरून देणार नाही. वळताना जोड ताणला जातो, म्हणून हॉर्न वाजतो. पण एसीची नळी गळतेय. ती मुळातच कच्ची आली होती. तुमच्या हॉर्नचा तिच्याशी काय संबंध? ती बदलून मिळेल."

चष्मेवाल्यांना आपलं दुकान आठवलं. गेल्याच आठवड्यात एका आजोबांनी घरी पक्कड लावून चष्म्याची काडी सरळ केली होती. काचेवरचा संरक्षक थर आपोआप सुटत होता, तो दाखवायला ते आले होते. 'तुम्ही हात लावलात, आता काही बोलायचं नाही,' असं सुनावून चष्मेवाल्यांनी त्यांना परत पाठवलं होतं. काडीचा आणि थराचा काय संबंध, हे तेव्हा सुचलंच नव्हतं. कान तापले त्यांचे.

गाडी तयार व्हायला तीन दिवस लागणार होते. दुकानात परतल्यावर त्यांनी पहिल्यांदा आजोबांना फोन लावला आणि काच बदलून देतो, या म्हणाले. आजोबांना आधी खरंच वाटेना. त्यांनी दोनदा विचारलं, "मीच पक्कड लावली होती, लक्षात आहे ना?"

वायरिंगचा भुर्दंड चष्मेवाल्यांनी स्वतः सोसला. आता ते काहीही बसवायच्या आधी सुपरवायझर बाईंना फोन करतात. सीटला कव्हर घालू का, असं विचारलं तेव्हा बाजूच्या एअरबॅगची वाट अडेल असं घेऊ नका, असं बाईंनी नीट समजावलं. एकदा त्यांनी मागच्या काचेपाशी उशी ठेवू का, असं विचारलं.

"ठेवा, काका," त्या म्हणाल्या. "फक्त ती कशाला जोडू नका."

शेजारी बसलेल्या बायकोला ते फोनमधून ऐकू गेलं. ती बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसली, आणि चष्मेवाल्यांनीही तोंड फिरवून हसून घेतलं.