आला तवा कसा होता?

सरळ गोष्ट वाकडी करून दाखवण्यात आमच्या साडूंचा हात धरील असा माणूस अख्ख्या नागपुरात झाला नाही. सरकारी दवाखान्यात आकडेमोडीची नोकरी, आणि तोंडी कायम एकच प्रश्न: "आला तवा कसा होता?" भाजी बिघडली म्हणावं, तर वांगी घरात आली तेव्हा किती किडकी होती याची चौकशी करायचे आणि मेहुणीला सांगायचे, की असल्या वांग्यांची भाजी म्हटल्यावर चांगलीच झाली. या कौतुकापायी मेहुणीने एकदा चूलच पेटवली नाही. माझा मुलगा मॅट्रिकला गणितात काठावर सुटला, तेव्हा साडूंनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि माझ्याच घरी माझाच चहा पीत म्हणाले, "बाप पाहता पोट्ट्यानं कमालच केली गा."

हे खूळ त्यांनी दवाखान्यातही नेलं. तिथल्या मोठ्या साहेबांनी कोणत्या सर्जनच्या हाताखाली किती रोगी दगावले याचा फळा व्हरांड्यात टांगला होता. सर्वांत खाली ज्याचं नाव, त्याचा वॉर्ड काढून घ्यायचं घाटत होतं. खालचा तो वाईट, हे शेंबडं पोरही सांगेल. साडूंना ते पटेना. त्यांनी जुने केसपेपर उपसून गणित बसवलं. वय, दमा, साखर, आणायला झालेला उशीर, यांवरून कोण वाचेल नि कोण जाईल याचा अंदाज आधी बांधायचा आणि प्रत्यक्षात किती गेले ते त्याच्याशी ताडायचं. त्या हिशेबाने शेवटचा सर्जन पहिला यायचा, कारण इतरांनी हात न लावलेला, उमरेडहून एसटीत आडवा घालून आणलेला रोगी तोच घ्यायचा. साहेबांनी त्यांना हसून घालवून दिलं. मीही पोट धरधरून हसलो.

मग साडूंचंच आतडं फुटलं, तेही दमा आणि साखर अंगात मुरलेली असताना. मी वशिला लावून फळ्यावरच्या पहिल्या सर्जनला आणलं. त्याने पोट दाबलं, नाडी पाहिली आणि मुंबईला न्या म्हणून निघून गेला. शेवटच्याने ऑपरेशनसाठी हात धुतले.

स्ट्रेचरवर साडूंनी माझा हात धरला. "मी गेलो तर त्याच्या माथी मारू नका. मीच कच्चा आलो. फळ्यावर माझी भर पडली, तर त्याचा वॉर्ड जाईन."

ते गेले. घाटावरून परतताना आमचा मेहुणा भडकला होता, त्या कसायाकडे काहून नेलं म्हणून. तसाच साहेबांकडे लेखी तक्रार द्यायला निघाला. मी त्याची सायकल धरून ठेवली.

"थांब गा," मी म्हणालो. "आपला माणूस आला तवा कसा होता, ते आधी सांग."

तो रडत ओट्यावर बसला. तक्रार गेली नाही.

हल्ली आमच्याकडे भाजी बिघडली, तरी वांगी कशी होती हे कुणी विचारत नाही. जेवताना फार चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.