मधुकाकांच्या गॅरेजमधली मॅट

श्री. मधुकर शेलार, म्हणजे आम्हा सगळ्यांचे मधुकाका, यांची माझी पहिली भेट २००४ साली अमेरिकेत, श्रूजबरीतल्या त्यांच्या घराच्या गॅरेजमध्ये झाली. कॉलेज अर्धवट सोडून मी मामांकडे राहत होतो आणि भेटेल त्याच्याशी भांडत होतो. वैतागून मामांनीच मला तिथे कुस्ती शिकायला नेलं. काकांनी नावही न विचारता मला मॅटवर झोपवलं आणि माझं पाऊल धरून वळवलं.

"कुठं दुखतंय?"

"गुडघ्यात!"

"मी तर पाऊल धरलंय. मग गुडघ्यात का?"

उत्तर त्यांनी महिनाभर सांगितलं नाही. पावलाचा पीळ वर गुडघ्याला बसतो, हे शेवटी मीच शोधून काढलं.

काका इंजिनिअर. कॅच रेसलिंग हा कुस्तीचा प्रकार ते कारखान्यातल्या एका वयस्कर अमेरिकन सहकाऱ्याकडून शिकले. यात समोरच्याची पाठ टेकवून जिंकता येतं, तसंच सांधा पिळून त्याला हार मानत मॅटवर हात आपटायला, म्हणजे 'टॅप' करायला लावूनही. काका सांगत, दंडाच्या ताकदीवर जाऊ नका; आधी छातीचा भार टाकून माणूस जखडा, मग सांध्यातली ढील हळूहळू काढा. आणि हात आपटल्याचा आवाज आला की त्या क्षणी सोडा. यात सवलत नव्हती.

तिथे निखिलही यायचा. मला आवडणाऱ्या केतकीने मला दोनदा नकार देऊन त्याला होकार दिला होता.

एका शनिवारी निखिलचा हात माझ्या पकडीत सापडला. कोपर काटकोनात, मनगट पाठीमागे. ढील संपली होती. आणखी बोटभर, की खांदा निखळणार.

"टॅप कर ना यार!"

"तुझ्यासमोर? हट्!"

"सोड त्याला," काका म्हणाले. मी ऐकलं नाही.

तेव्हा काका आमच्या शेजारी बसले आणि त्यांनी स्वतःचा तळहात मॅटवर दोनदा आपटला. त्यांना हार मानताना आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं. माझे हात आपोआप सुटले.

"तुम्ही का हरलात, काका?" मी चिडूनच विचारलं.

"अरे, माझं काय गेलं? त्याचा खांदा गेला असता, आणि तू पुन्हा इथं तोंड दाखवलं नसतंस. चल, आता तीच पकड मला लाव. नेमकी कुठं अडते ते बघू."

पुढे त्या दोघांच्या लग्नात मैत्रिणींनी केतकीला चांगलं उंच उचललं, तरी निखिलने दोन्ही हात ताणून हार घातलाच. मी त्याचा खांदाच बघत होतो. वाईट वाटायचं ते वाटलंच. पण अक्षता मीही टाकल्या.

काकांनी आता साठी गाठली आहे. त्यांना शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य लाभो, आणि माझ्यासारख्यापायी पुन्हा हार मानायची वेळ त्यांच्यावर न येवो.