दोन लांब, तीन आखूड

कुकरची शिट्टी निवली, तरी कानातला सूर काही निवत नाही. आखूड, लांब, आखूड. मोबाइलमधून ठिबकणारा मोर्सच्या संकेतांचा तो निर्विकार नाद दुपारभर डोक्यात घुमत राहतो. साठीला टेकलेल्या बाईने हौशी रेडिओच्या परवान्याची परीक्षा द्यावी, हे काय खूळ! थकले हो मी, खरंच थकले.

पण काय करणार? ह्यांना जाऊन दीड वर्ष झालं आणि ह्यांचा रेडिओसंच खोलीत मुका बसलाय. परवान्याशिवाय त्यावरून संदेश पाठवता येत नाही. मी पास झाले नाही, तर तो कुणा परवानाधारकाला देऊन टाकावा लागेल. संदेश ठोकायच्या ज्या पितळी कळीवर ह्यांचं बोट वर्षानुवर्षं नाचलं, ती परक्या घरी जावी, हे मला सोसवत नाही.

विजेचे नियम घोकले, मोर्सने मात्र नाकी नऊ आणले. जन्मभर शाळेत शिकवलेली मी. तक्ता भिंतीवर चिकटवला आणि परीक्षेत प्रत्येक अक्षराचे ठिपके मोजत बसले. एक मोजेपर्यंत पुढची चार निघून गेली. नापास! ह्यांचे एक रेडिओमित्र जवळच्या बेटमा गावाहून आले, त्यांनी तो तक्ताच उतरवला. “वहिनीजी, गिनती सोडा बरं,” म्हणाले. “बस, चाल ऐका.”

काल ऐकता ऐकता अंगावर सर्रकन काटा आला. दोन लांब, तीन आखूड. तीन आखूड, दोन लांब. ही तर माझ्या ओळखीची चाल! पोलोग्राउंडच्या कारखान्यात जाताना, गल्लीच्या वळणावर ह्यांच्या स्कूटरचा हॉर्न रोज असाच वाजायचा. एकदा मी चिडून म्हटलं होतं, “लोक हसतात, बंद करा तो भोंगा.” दुसऱ्या दिवसापासून तो वाजला नाही. त्यांनी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पुस्तक उघडून पाहिलं. पहिली चाल सात, दुसरी तीन; तो त्र्याहत्तरचा आकडा होता. निरोप घेताना रेडिओवाले एकमेकांना तो पाठवतात, मनापासून शुभेच्छा म्हणून. एका छताखाली आयुष्य काढलेल्या माणसांना एकमेकांची भाषा इतक्या उशिरा कळावी ना! मी पुस्तक मिटलं आणि खूप रडले.

आज पुन्हा कुकर निवलाय, सूर चालू आहे, थकवाही तसाच आहे. सोमवारी परत परीक्षा. बाकीची अक्षरं अजून निसटतात, पण हे दोन आकडे आता मोजावे लागत नाहीत. पास झाले, तर ह्यांच्या कळीवरून पहिल्यांदा तेच पाठवीन. कितीदा तरी सकाळी हॉर्न वाजवून त्यांनी निरोप घेतला, माझं उत्तर द्यायचं राहिलंय.