झाडून घेतलेला चौकोन

संशोधन केंद्राच्या रानात त्यांना सगळे पिशवीकाका म्हणत. नायलॉनच्या जाळीच्या वहीएवढ्या पिशव्या शिवायच्या, प्रत्येकीत दहा ग्रॅम वाळलेली पानं भरायची आणि रानातल्या पाचोळ्याखाली ठेवून द्यायच्या. दर महिन्याला थोड्या उचलायच्या, माती हलक्या हाताने धुवायची, पानं वाळवायची आणि किती उरली ते काट्यावर बघायचं. बारीक जाळीतून फक्त बुरशी आणि डोळ्यांना न दिसणारे जीव आत शिरत. मोठ्या जाळीत गांडुळं, वाळवी, वाणी किडे, अख्खं गाव जेवायला. पान कुजवण्यात कुणाचा किती हात, ते यातून कळे. बायको म्हणायची, "माझ्या ब्लाउजला एक हूक लावून होत नाही तुमच्याच्यानं, किड्यांचे डबे मात्र बरे शिवता."

दोघांचं बावीस वर्षं एकाच गोष्टीवरून वाजत आलं होतं. घरच्या अंगणातल्या झाडाखाली ती रोज सकाळी खराटा फिरवायची. ते म्हणायचे, पाला राहू दे, खालची माती त्यावर जगते. ती म्हणायची, तुमचं राज्य रानात. ती डावखुरी, त्यामुळे खराट्याच्या रेघा डावीकडे वळलेल्या असायच्या.

ती गेल्यावर आठवड्याने ते कामावर आले. रडू आलं नव्हतं. चहाने जीभ पोळली तरी समजत नव्हतं. रानात खुंट्या ठोकून, दोरी बांधून आखलेले बारा चौकोन होते. त्यातल्या सात नंबरपाशी ते उभे होते. पायवाट झाडायचा खराटा हातात केव्हा आला, त्यांना कळलं नाही. भानावर आले तेव्हा चौकोन लख्ख झाला होता. पिशव्या उघड्या पडल्या होत्या, ओल्या काळ्या मातीवर रेघा उमटल्या होत्या, सगळ्या डावीकडे वळलेल्या. खराटा त्यांच्या डाव्या हातात होता.

पाला लगेच परत पसरायला हवा होता, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? पण त्यांनी तो कडेला ढीग करून ठेवला. दुसऱ्या दिवशी नवी पडलेली पानंही झाडली. मग रोजच.

चार महिन्यांनी सगळी वजनं एकत्र मांडली. बाकी चौकोनांत मोठ्या जाळीच्या पिशव्यांत जेमतेम तीन ग्रॅम उरलेले, सात नंबरमध्ये सात. हा सगळा अभ्यास ज्यांचा आणि रानातलं काम ज्यांनी काकांवर सोपवलेलं, त्या तरुण मॅडमनी आकडे दोनदा तपासले. इथली मातीच वेगळी दिसते, म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात चार लोकांसमोर हेच मांडायचं त्यांनी ठरवलं. काकांना विचारलं, तिथे काही वेगळं जाणवलं का?

"नाही," काका म्हणाले. बावीस वर्षांत एक आकडा त्यांनी खोटा लिहिला नव्हता. तरी आत काही हललं नाही.

घरी धाकटी बहीण राहायला आली होती. अंगणात घोट्यापर्यंत पाला साचलेला. ती झाडायला निघाली की ते अडवायचे. त्या संध्याकाळी ती वैतागली.

"दादा, हे अंगण बघून वहिनी दारातूनच परत गेली असती. तू तरी झाड. नुसता दगडासारखा बसतोस."

"झाडतो की. कामावर."

मग त्यांनी सगळं सांगितलं, बातम्या वाचून दाखवाव्यात तसं. बहिणीने एवढंच विचारलं.

"ज्या पोरीची मेहनत आहे, तिला सांगितलंस?"

सकाळी त्यांनी मॅडमना सांगितलं. पाला काढला की ऊन थेट मातीवर पडतं, ओल जाते, किडे सावली शोधत निघून जातात. जागा तीच, माती तीच. मॅडमनी लाल पेनाने सात नंबरचे सगळे आकडे खोडले.

"पहिल्याच दिवशी का नाही बोललात, काका?"

"बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी झाडता आलं नसतं."

मॅडमनी मान वर केली नाही. पाला परत पसरून टाका, एवढंच म्हणाल्या.

काका ढिगाशी उकिडवे बसले. वरची पानं करकरीत होती. खाली हात घातला तर ओलं, मऊ, बुरशीचे पांढरे धागे आणि वेटोळी करून बसलेले वाणी किडे. चौकोन सोडून गेलेली मंडळी फार लांब गेली नव्हती. टोपलीने त्यांनी सगळं परत नेलं. शेवटची रेघ झाकली गेली तेव्हा त्यांना वाईट वाटायला हवं होतं. डाव्या तळहातावरचा फोड तेवढा चुरचुरत होता.

घरी बहिणीने विचारलं, सांगितलंस का? त्यांनी मान डोलावली आणि भिंतीशी टेकवलेला खराटा उचलला. ती दारात उभी राहून बघत होती. डाव्या हाताने, सावकाश, फाटकापासून पायरीपर्यंत त्यांनी अंगण झाडून काढलं. झाडाच्या बुंध्याभोवतीचा पाला मात्र तसाच ठेवला.

"आणि तो रे?" बहिणीने विचारलं.

"तेवढं भांडण राहू दे," ते म्हणाले.