शंभर यार्डांच्या पलीकडे

अमरावतीहून अकोल्याची एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर एक फलक होता. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी, असं त्यावर लिहिलं होतं. मूर्तिजापूरजवळच्या एका गावात हा नियम समजावून सांगायला कॉलेजने आम्हा चौघांना पाठवलं होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लोकांपुढे कधी बोललो नव्हतो, म्हणून वाटेभर फलक पुन्हा पुन्हा वाचत होतो.

बडनेरा मागे पडलं. दोन्हीकडे वेचून झालेली पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उभी होती. त्याही वर्षी कापसाने दगा दिला होता. मधल्या ओळींतली तूर मात्र शेंगांनी वाकली होती.

फाट्यावरून चालत गावात शिरलो. शाळेच्या फाटकासमोर, कडुनिंबाखाली रशीदचाचांचा पानठेला होता. मोठ्यांना खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला), पोरांना गोळ्या-बिस्किटं. मी अडखळत फलक वाचला. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"वाचलं चांगलं, बाबू. आता हेबी सांग, मी बसू कुठं? कापूस तर गेला. घर ह्याच ठेल्यावर चालून राहिलं."

"मले माहीत नाही, चाचा," माझ्या तोंडून घरची बोली निघाली. ठेल्याभोवती जमलेले लोक हसले, आणि वातावरण जरा सैल झालं.

कोणीतरी विहिरीचा दोर आणला. फाटकापासून मोजायचं की वर्गापासून, यावर बराच वाद झाला. शेवटी मुख्याध्यापकांनी कुंपणापासून मोजायला लावलं. जागा निघाली ती पार फाट्याजवळच्या बाभळीपाशी. चाचांचा चेहरा उतरला. इतक्या लांब कोण येईल, असं ते पुटपुटले, तर त्यांच्या रोजच्या गिऱ्हाइकाकडे बोट दाखवत एक म्हातारा म्हणाला, "हा तर खर्ऱ्यासाठी अकोल्याले पायी जाईन."

गावातल्या एकाने बंडी (बैलगाडी) आणली, तिच्यावर ठेला चढवला. आम्हीही हात लावला. पहिल्याच गचक्याला गोळ्यांची बरणी खाली पडली. चाचांच्या बायको, खाला, गोळ्या ओढणीत गोळा करून निंबाखाली निवडत बसल्या. तेवढ्यात शाळेची सुट्टी झाली आणि पोरांनी त्यांना गराडा घातला.

मुख्याध्यापकांकडे भाकरी आणि सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) आमटी पोटभर जेवून आम्ही त्यांच्यासोबत शाळेपाशी परतलो, तरी खाला तिथेच. चाचा न्यायला आले होते.

"चल, तिकडं माल लावाचा हाय."

"तुमी बसा तिकडं. गोळ्या-बिस्किटाले कोनता कायदा आडवा येते?"

चाचांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. मी मान हलवली. नाही येत.

"मंग दोन दुकानं झाली म्हना," चाचा पहिल्यांदा हसले.

"हो. लहानं तुमचं," खाला म्हणाल्या.

संध्याकाळी फाट्यावर एसटीची वाट पाहिली. बाभळीखाली चाचा खर्रा घोटत होते, समोर तीन-चार गिऱ्हाइकं. मला त्यांनी बडीशेप दिली आणि म्हणाले, "पुन्हा ये. फलक नको आनू, जेवाले ये."

गाडीत बसल्यावर कळलं, आमच्यामुळे गावात कोणाचाच खर्रा सुटला नव्हता. पण पोरांच्या वाटेवरून तो उठला होता, आणि चाचांच्या घरची चूल त्यामुळे विझणार नव्हती. नियम वाचून दाखवला की काम झालं, असं मी समजत होतो. वाचून झाल्यावर दोर आणि बंडी कोणीतरी आणावी लागते. ती त्या गावाने आणली, आणि त्याच्या आनंदात मी अमरावतीला उतरलो.