कमलच्या पाटीवरचा स्कॅनर

बायांनो, आज बारामतीच्या बाजारात जीव लई तुटला.

माझ्या शेजारी डाळजची कमल पेरू विकती. तिच्या स्कॅनरवरचे पैसे नवऱ्याच्या खात्यात जात्यात. दुपारी तिला चक्कर आली. सकाळपासून सगळ्यांनी स्कॅनच केलेलं, हातात रुपया न्हाय. मेडिकलवाल्याला पैसे टाका म्हणून तिनं नवऱ्याला फोन केला.

"बसूनच असतीस की दिवसभर! चक्कर कशाची?" म्हणून त्यानं फोन कट केला.

गोळ्या मी आणल्या. कमलनं स्कॅनरचा पुठ्ठा काढून पाटीखाली सारला.

तेवढ्यात एक पोरगी पेरू घ्यायला आली. कमलनं रोख पैसे मागितले. "मावशी, रोखच पायजे? फोनला भिता व्हय?"

"फोनला न्हाय गं बाई," कमल म्हणाली, आन् खाली मान घालून पेरू तोलाय लागली.

तुमच्या स्कॅनरवर नाव कुणाचं हाय?